सा, ग, प आणि नी : चार सुरांचा एक गट

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणात आम्ही मध्ये मध्ये पेटी वाजवून दाखवली होती. वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी त्या जागी थोडं जास्त सांगितलं आहे.)



आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या, चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बाया. महिन्यातून दोनदा आमची बचत गटाची बैठक असते आणि एकादशीला भजन असतं. दोन्हीकडे चेहरे बहुतेक तेच. हिशोबाची वही मिटली की टाळ बाहेर निघतात.

आमच्या भजनाला पेटी वाजवणारे काका दरवर्षी शेगावच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जातात. ते गेले की आमचं भजन बिनपेटीचं. टाळ असतो, मृदंग असतो, पण सूर धरून द्यायला कुणी नसतं. पहिलीने उंच उचललं की मागच्या बायांचे गळे फाटतात आणि खाली धरलं की शब्दच ऐकू येत नाहीत. दोन आषाढ्या अशा गेल्यावर बैठकीत विषय निघाला, की पेटी आपणच का शिकू नये?

विषय निघाला तसा वादही निघाला. गटाची बचत बी-बियाण्याला, शेळीला, लेकरांच्या फीला. त्यातून पेटी घ्यायची म्हणजे उद्या कुणीही बोट दाखवणार. म्हणून बचतीला हात लावला नाही. दर बैठकीला वीस-वीस रुपये वेगळे काढले आणि जुनी पेटी घेतली. घरोघरी बोलणीही खावी लागली. आमच्यातल्या सगळ्यात वडील आजींनी तर सांगितलं, की त्यांच्या लहानपणी मंदिरातल्या पेटीला पोरीने हात लावला तर हातावर फटका बसायचा. पालखीहून परत आल्यावर काकांनीच आम्हाला सरगम शिकवली, अलंकार शिकवले. आज आमच्यातल्या पाच जणी साधं भजन पेटीवर धरतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढे घडलेली एक गोष्ट. आमच्यातल्या एका वहिनीची मुलगी नववीत आहे. तिच्या मामाने तिला विजेवरचा छोटा कीबोर्ड आणून दिला. आपल्याकडे सगळे त्याला कॅसिओच म्हणतात. एका संध्याकाळी आम्ही पाळणा म्हणत होतो आणि ती मागे एकदम चार सूर दाबून धरायला लागली. आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, नी हुकला वं तुहा."

पोरगी म्हणाली, "आजी, हुकला नाही. मेजर सेव्हन्थ आहे ती. अशीच असते."

आजी म्हणाल्या, "असतीन. पण कानाले टोचते."

खरं सांगायचं तर दोघीही बरोबर होत्या. त्या नीमध्ये टोचणं आहे आणि तरी तो चुकलेला नाही. हे कसं, ते आज समजून घेऊ. जवळ पेटी किंवा कॅसिओ असेल तर समोर घ्या. नसेल तरी हरकत नाही, शेवटी बिनपेटीचाही सराव सांगणार आहोत.

कॉर्ड म्हणजे काय?

आपलं गाणं एका वेळी एका सुराचं. ओवी म्हणा, अभंग म्हणा, गवळण म्हणा, एक सूर संपतो आणि दुसरा येतो. बायकांच्या ओळीसारखं, एकीमागे एक. पाश्चात्त्य संगीतात गाणं चालू असताना मागे तीन-चार सूर एकदम वाजवतात. त्या सुरांच्या गटाला कॉर्ड म्हणतात. गट म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, पण एकत्र बसल्या की गटाचा म्हणून एक वेगळाच स्वभाव तयार होतो. कॉर्डचंही तसंच.

आपल्याकडे हे अगदीच नाही असंही नाही. तंबोऱ्यात पंचम आणि षड्ज सतत वाजत असतात. चांगला लागलेला तंबोरा शांतपणे ऐकला तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. म्हणजे सा, ग, प हे तीन सूर तंबोऱ्यात आधीपासून नांदत आहेतच. याच तीन सुरांना तिकडे मेजर कॉर्ड म्हणतात. भरलेल्या घरासारखा तिचा आवाज येतो. सगळे जागेवर, काही उणं नाही.

आता याच तिघींच्या शेजारी शुद्ध नी आणून बसवा. सा, ग, प, नी. ही झाली मेजर सेव्हन्थ. नी हा सातवा सूर म्हणून सेव्हन्थ, आणि तो कोमल नसून शुद्ध, म्हणजे वरचा, मोठा नी आहे म्हणून मेजर.

चार-तीन-चार

पट्ट्यांवर ती शोधायची सोपी रीत आहे. पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. मोजताना काळ्या-पांढऱ्याचा भेद करायचा नाही, ओळीने प्रत्येक पट्टी मोजायची.

सा ठरवा. त्याच्या पुढची पट्टी एक, त्याच्या पुढची दोन, असं मोजत चौथ्या पट्टीवर या. तो ग. तिथून पुढे तीन मोजा, तो प. तिथून पुन्हा चार मोजा, तो नी. चार-तीन-चार. बरोबर आलात का हे पाहायचं असेल तर नीच्या पुढची एकच पट्टी दाबा. तिथे वरचा सा सापडला पाहिजे. चार, तीन, चार आणि एक मिळून बारा. हिशोब जुळला.

पांढरी एक हा सा धरला तर सगळं पांढऱ्यावरच येतं : पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात. शिकायला हीच सोपी. पण आपण बायका बऱ्याचदा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातो. म्हणून त्याही सांगतो.

काळी चार सा असेल तर : काळी चार, मग वरच्या सप्तकातली पांढरी एक, काळी दोन आणि पांढरी पाच.

काळी पाच सा असेल तर : काळी पाच, मग वरच्या सप्तकातली पांढरी दोन, पांढरी चार आणि पांढरी सहा.

पाठ करत बसू नका. चार-तीन-चार एवढंच लक्षात ठेवा. मग काकांनी कुठलीही पट्टी धरली तरी तुम्हाला ती सापडेल.

दोन जोड्यांची गोष्ट

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. नी टोचतो का? आणि टोचत असेल तर तो चुकीचा का नाही?

आधी फक्त सा आणि प एकदम वाजवा. हा आपला ओळखीचा आवाज आहे. जुन्या गायनात याला षड्ज-पंचम भाव म्हणतात. याच्याइतकी गोड जोडी पट्ट्यांवर क्वचितच सापडेल. सापासून प सातव्या पट्टीवर आहे.

ते सोडा आणि फक्त ग आणि नी एकदम वाजवा. आवाज तसाच गोड येतो ना? कारण ग पासून नीसुद्धा बरोबर सातव्या पट्टीवर आहे. ग जर सा मानला तर नी हा त्याचा पंचम.

म्हणजे मेजर सेव्हन्थमध्ये गोडीने नांदणाऱ्या दोन जोड्या आहेत. सा-प ही एक आणि ग-नी ही दुसरी. दोन्ही जोड्या एकाच अंगणात बसल्या की ही कॉर्ड तयार होते. म्हणून ती गोड वाटते.

मग टोचतं काय? टोचतं ते सा आणि नी यांच्यामध्ये. नी हा वरच्या साच्या अगदी उंबऱ्याशी उभा आहे. एक पाऊल टाकलं की आत. गाताना आपण नी घेतला की गळा आपोआप साकडे धावतो, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. पण या कॉर्डमध्ये त्याला धावू द्यायचं नाही. खाली सा वाजत असतो, त्याच्या नादातून वरचा साही बारीक ऐकू येत असतो आणि नी त्याला घासून उभा राहतो. ते घासणं म्हणजे आजींचं टोचणं. वाट पाहणाऱ्या माणसाच्या आवाजात जशी एक कळ असते, तशी ती कळ आहे.

पटत नसेल तर आणखी एक प्रयोग करा. सा, ग, प तसेच ठेवा आणि शुद्ध नीऐवजी कोमल नी दाबा. आता मोजणी झाली चार-तीन-तीन. आवाज एकदम बदलला. ही कॉर्ड कुठेतरी निघाली आहे, तिला मध्यमाकडे जायचंय, असं वाटतं. शुद्ध नीची कॉर्ड कुठे निघालेली नसते. ती दारात थांबून बाहेर बघत असते. हा फरक कानाला कळला की निम्मं शिक्षण झालं.

पेटीवर बसवताना

कॅसिओवर किंवा पियानोवर ही कॉर्ड लगेच जमते. पेटीवर मात्र आम्ही चुका करत करत शिकलो. त्या तुम्ही करू नका.

पहिली गोष्ट कप्लरची. कप्लर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते ती सोय. भजनाला ती फार बरी, आवाज भरतो. पण या कॉर्डला ती बंद करा. कप्लर वरच्या सप्तकाचा असेल तर सा दाबल्यावर वरचा सा वाजतो आणि नीच्या शेजारी येऊन भांडतो. खालच्या सप्तकाचा असेल तर खालचा नी वाजतो आणि साच्या शेजारी येऊन भांडतो. दोन्हीकडून भांडणच. आम्हाला आठवडाभर वाटत होतं की आपली पेटीच बिघडली.

दुसरी गोष्ट, पुढच्या फळीवरचे ओढायचे स्टॉपर. त्यातले काही नुसता एक सूर सतत वाजवत ठेवतात. तो सूर तुमच्या कॉर्डमधला नसेल तर सगळं बिघडतं. ते आत ढकलून ठेवा.

तिसरी गोष्ट भात्याची. एका सुराला जेवढी हवा लागते त्याहून चार सुरांना बरीच जास्त लागते. आपण सवयीने सावकाश भाता मारतो आणि मधेच आवाज बसतो. कॉर्ड दाबण्याआधी भाता भरून घ्या आणि मग थोडा लवकर लवकर, पण सारख्या दाबाने मारा. झटके दिले तर सूर हेलकावतात.

चौथी गोष्ट बोटांची. पेटीवर एक हात भात्याला अडकलेला, म्हणून चारही सूर उजव्या हातानेच घ्यायचे. अंगठा सावर, तर्जनी गवर, मधलं बोट पवर आणि करंगळी नीवर. करंगळीजवळचं बोट, म्हणजे अनामिका, मोकळी राहते. आमच्यासारख्या निंदण-खुरपण करणाऱ्या हातांना करंगळी ताणायला पहिल्यांदा जड जातं. ओढाताण करू नका. मनगट सैल ठेवा. दुखलं तर थांबा.

कॅसिओवर दोन्ही हात मोकळे असतात. तिथे डाव्या हाताने खालचा सा धरा आणि उजव्याने ग, प, नी. सा आणि नी जितके लांब, तितकं टोचणं कमी आणि गोडी जास्त. उलट नी आणि वरचा सा शेजारी शेजारी दाबून पाहा, मग आजी काय म्हणत होत्या ते पुरतं कळेल. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर हळूहळू विरत जातो, म्हणून तिथे ही कॉर्ड मऊ वाटते. पेटीत हवेवर पत्ती थरथरत राहते, सूर विरत नाही. म्हणून पेटीवर ती फार वेळ धरून ठेवू नये.

ही आपल्याकडे आली कशी?

पट्ट्यांचं वाद्य मुळात आपलं नाही. पियानो सुमारे १७०० साली इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने बनवला. हार्मोनियम १८४०च्या सुमाराला पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने घडवली. ती पायाने हवा भरायची. जमिनीवर बसून एका हाताने भाता मारायची पेटी मात्र आपल्या देशात रुळली आणि त्यात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पेटी आणि ऑर्गन घरोघरी ओळखीचे केले. १९११ साली आलेल्या 'मानापमान' नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते.

आज रेडिओवर बोलताना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. पेटीत मींड निघत नाही, सूर ठरलेले असतात, आपल्या श्रुती त्यात सापडत नाहीत, असे आक्षेप होते. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पेटीतला ग स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढाच असतो. ही बंदी १९७१पर्यंत टिकली आणि मग हळूहळू सैल झाली. पण त्या तीस वर्षांत गावागावातल्या भजनाने पेटी सोडली नाही. ज्या वाद्याला रेडिओचं दार बंद होतं, तेच आज आम्ही रेडिओवर वाजवतो आहोत, तेही बायका.

कॉर्ड आपल्या कानावर पडल्या त्या मुख्यतः सिनेमातून. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. त्यांना लिखित स्वरलिपी आणि कॉर्ड येत होत्या. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिन शिकवायचे, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यात या गुरूचं नाव आहे. चाल आपली, मागचे सूर तिकडचे, असं गाणं या लोकांनी घडवलं. आपण ते चुलीपुढे बसून ऐकत आलो आणि मागे कॉर्ड आहे हे आपल्याला कधी कुणी सांगितलं नाही.

खास मेजर सेव्हन्थसाठी एक विदेशी नाव लक्षात ठेवा, फ्रान्सचे एरिक साती. १८८८ साली त्यांची पियानोवरची एक संथ रचना आली, जिम्नोपेदी क्रमांक एक. तिची सुरुवात दोनच मेजर सेव्हन्थ आळीपाळीने वाजून होते. आपल्या भाषेत एक आहे मध्यमावरची, म, ध, सा, ग, आणि दुसरी षड्जावरची, सा, ग, प, नी. तीन मात्रांची संथ लय. पहिल्या मात्रेला खालचा एक सूर, दुसऱ्या मात्रेला वरचे तीन एकदम, तिसरी मात्रा नुसती वाहते. मुलीने आम्हाला ती फोनवर ऐकवली. ऐकून आजी म्हणाल्या, "हे तं झोक्यासारखं हाय."

मध्यमावरची कॉर्ड तुम्हीही मोजून पाहा. म पासून चार मोजले की ध, मग तीन मोजले की वरचा सा, मग चार मोजले की वरचा ग. तेच चार-तीन-चार. सगळे सूर शुद्ध असलेल्या सप्तकात हे माप फक्त दोन ठिकाणी बसतं, साला आणि मला. बाकी सुरांवर मोजून पाहिलंत तर कुठेतरी एक पट्टी कमी-जास्त येते.

कुठे वाजवायची, कुठे नाही

नवीन दागिना मिळाला म्हणून तो शेतात घालून जात नाही. ही कॉर्डही सगळीकडे चालत नाही.

भैरवीत रे, ग, ध, नी कोमल असतात. तिथे शुद्ध ग आणि शुद्ध नी दाबले तर गाणाऱ्या बाईचा सूरच हिसकावल्यासारखं होतं. भजनाचा शेवट भैरवीने होतो, तिथे फक्त सा आणि प धरा. भूपात म आणि नी नसतातच, तिथे नी घुसवू नका. ज्या चालीत कोमल नी येतो, तिथेही सांभाळून.

याउलट हंसध्वनी रागात सूरच सा, रे, ग, प, नी. त्यातून रे काढला की आपली कॉर्ड उरते. शंकरा आणि बिहागच्या आरोहातही हे चारही सूर ठळक आहेत. अशा चालींशी ही कॉर्ड बरी जुळते.

आमचा अनुभव असा, की अभंगाच्या मागे ती लागतच नाही. अभंगाला टाळ, मृदंग आणि एका सुराची साथ पुरते. पाळण्याला, मुलींच्या शाळेतल्या गाण्याला, स्नेहसंमेलनात ती शोभते. कडवं संपून श्वास घेण्याच्या जागी एकदाच हळूच दाबा. आणि गाण्याचा अगदी शेवट मात्र साध्या सा, ग, पवर करा, म्हणजे गाणं घरी पोचतं.

आठवडाभराचा सराव

रोज दहा मिनिटं पुरेत. रात्री भांडी आवरल्यावर किंवा पहाटे, जमेल तेव्हा.

पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त जोड्या वाजवा. सा-प, मग ग-नी. सोबत तोंडाने म्हणा. म्हटल्याशिवाय वाजवू नका, कारण सूर आधी कानात बसायला हवा.

तिसऱ्या दिवशी चारही सूर एकामागून एक. केरव्याच्या आठ मात्रा मोजा. पहिल्या मात्रेला सा, तिसरीला ग, पाचवीला प, सातवीला नी. मग उलट, नीपासून सापर्यंत.

चौथ्या दिवशी सूर साठवत जा. सा दाबून ठेवा, त्यात ग मिळवा, मग प, मग नी. प्रत्येक वेळी थांबून ऐका, काय बदललं?

पाचव्या दिवशी चारही एकदम. आठ मात्रा धरा, आठ मात्रा सोडा. सोडलेल्या मात्रांमध्ये हात ढिला करा.

सहाव्या दिवशी सावरची आणि मवरची आळीपाळीने, झोक्यासारखी. हात उचलून नवी जागा शोधायला वेळ लागतो. लागू द्या, घाई केली की चुकीचं वळण हाताला लागतं.

सातव्या दिवशी पट्टी बदला. काळी चारवर या आणि चार-तीन-चार मोजून तीच कॉर्ड शोधा. त्या दिवशी कुणालाही विचारू नका.

पेटी नसेल तर

पेटी नसेल तर चौघी एकत्र या. तंबोरा नसतो, पण फोनवर तंबोऱ्याचा आवाज मिळतो, तो लावा. एकीने सा धरायचा, दुसरीने ग, तिसरीने प, चौथीने नी. तोंडाने 'आ'कार किंवा नुसता 'म्'. आधी सा आणि प लागू द्या. ते स्थिर झाले की ग येऊ द्या आणि सगळ्यात शेवटी नी.

यात सगळ्यात कठीण काम नीवालीचं. बाकी तिघी तिला आपल्याकडे ओढत असतात आणि वरचा सा तर हाताच्या अंतरावर असतो. जराशी ढिलाई झाली की ती साला जाऊन मिळते आणि कॉर्ड विरते. तिने तोल सांभाळून आपल्या जागी उभं राहायचं असतं. गवालीकडे कान ठेवला तर सोपं जातं, कारण ती तिची जोडीदार आहे.

आमच्याकडे हा प्रयोग झाला तेव्हा नी कुणाकडेच टिकेना. शिकलेल्या पोरींचाही घसरला. तेव्हा आजी म्हणाल्या, "थांबा, म्या पाहते." त्यांचा आवाज आता कापतो. पण त्यांनी गवालीचा हात धरला, डोळे मिटले आणि नी लावला. लावला तो लावलाच. आम्ही तिघी खाली सा, ग, प धरून होतो आणि वर तो थरथरता नी. श्वास संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

नंतर कुणीतरी विचारलं, "आजी, टोचला का?"

"टोचला," त्या म्हणाल्या. "पण आता माह्या ध्यानात आलं, तो काऊन टोचते ते."

त्या दिवसापासून पेटी उघडली की पहिला सा आजी दाबतात. त्यांच्या हाताला आता कुणी फटका देत नाही.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटातही चौघी उभ्या करून पाहा मैत्रिणींनो. नी घसरला तर हसा आणि पुन्हा लावा. पुढच्या भाषणात आपण कोमल गंधाराच्या, म्हणजे मायनर कॉर्डबद्दल बोलू. तोपर्यंत चार-तीन-चार विसरू नका.